सुप्याचा १८७५ चा उठाव इंग्रजांच्याच कागदांतून कसा वाचायचा

शाळेत आपण "दख्खनचे दंगे" म्हणून चार ओळी शिकतो, शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, सरकारने आयोग नेमला, कायदा आला, झालं. पण ज्यांचं गाव बारामती, दौंड, इंदापूर, शिरूर किंवा नगरच्या दक्षिण पट्ट्यात आहे त्यांच्यासाठी हा घरचा इतिहास आहे, आणि तो नीट वाचायला लागणारे बरेचसे कागद आज फुकट मिळतात. अडचण एकच, हे कागद लिहिलेत इंग्रज सरकारच्या माणसांनी. म्हणून ते कसे वाचायचे ते सांगतो.

सगळ्यात आधी गाव पक्कं करा. उठाव सुरू झाला ते सुपे म्हणजे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, आज बारामती तालुक्यात येतं. नगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यात पारनेर तालुक्यात एमआयडीसीवालं सुपा आहे ते वेगळं, आणि सर्च करताना या दोघांची हमखास सरमिसळ होते. जुन्या इंग्रजीत पुण्याचं पूना, शिरूरचं सिरूर असं स्पेलिंग असतं, त्यामुळे एकाच नावाने शोधून थांबू नका, दोन-तीन प्रकारे टाकून बघा.

मग गॅझेटियर उघडा, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेले जिल्हावार माहितीचे जाडजूड ग्रंथ. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्याचा खंड १८ वा, तीन भागांत आहे, नगरचा १७ वा. दोन्हीचे स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात. आता इथे बरेच जण इतिहासाचं प्रकरण उघडतात, तिथे पेशवे, लढाया वगैरे सापडतं आणि उठावाचं म्हणावं तसं काही हाती लागत नाही म्हणून पुस्तक मिटतात. उठाव आहे भांडवलाच्या प्रकरणात, म्हणजे सावकारी, व्याज, कर्ज, मजुरीचे दर जिथे दिलेत तिथे. आणि सरकारने शेतसारा किती आणि कधी वाढवला ते आहे जमिनीच्या प्रकरणात, कितीतरी पानं पुढे. ही विभागणीच बघा ना, सावकाराचं व्याज एकीकडे, सरकारचा सारा दुसरीकडे, त्यामुळे नुसतं पहिलं प्रकरण वाचलं तर असंच वाटतं की भांडण कुणबी आणि सावकाराचंच होतं आणि सरकार बिचारं मधे पडून शांतता राखत होतं. म्हणून दोन्ही प्रकरणं शेजारी शेजारी उघडी ठेवूनच वाचायची, या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

वाचताना एका कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडा, एकात सरकारने काय केलं, दुसऱ्यात शेतकऱ्याच्या हातात पैसा किती होता. पहिल्या रकान्यात येईल १८३६ ची इंदापूरची ३० वर्षांची जमाबंदी (म्हणजे जमिनीचा सारा ठरवणं), १८५९ चा मुदतीचा कायदा, आणि ३० वर्षं संपल्यावर १८६६-६७ पासून एकेका तालुक्यात झालेली फेरआकारणी, म्हणजे सारा नव्याने ठरवणं. दुसऱ्यात येईल १८६१ ते १८६५ चं अमेरिकेतलं यादवी युद्ध, त्यामुळे वर गेलेला कापसाचा भाव, बोरघाटाच्या रेल्वेच्या कामावर मिळालेली मजुरी (तो घाट १८६३ मध्ये सुरू झाला), आणि युद्ध संपल्यावर पडलेले भाव. रकाने भरले की आपोआप दिसतं की तेजीचे दिवस बघून सारा वाढवला आणि तो भरायची वेळ आली तेव्हा तेजी संपलेली होती, आणि सारा तर रोखच द्यायचा, पाऊस पडो न पडो, मग माणूस सावकाराच्या दारात जाणार नाही तर कुठे जाईल?

१८५९ च्या कायद्यावर जरा थांबा, कारण दिसायला तो शेतकऱ्याच्या भल्याचा होता. कर्जरोखा तीनच वर्षं कोर्टात चालेल असं त्यात होतं, म्हणजे सावकाराने पिढ्यान्‌पिढ्या व्याज चढवू नये. झालं काय तर दर तीन वर्षांनी सावकार जुना रोखा रद्द करून मुद्दल अधिक व्याज असा नवा रोखा लिहून घ्यायला लागला. हे वाचून कळत नाही, स्वतः मांडून बघा. समजा १०० रुपये, शेकडा दोन रुपये महिना. तीन वर्षांत व्याज ७२, नवा रोखा १७२ चा. पुढच्या तीन वर्षांनी २९६ चा. नऊ वर्षं झाली की कागदावर ५०९ रुपये, आणि उसने घेतलेले तेच १००. मधल्या काळात घरचं धान्य सावकाराकडे गेलेलं असायचं पण त्याची पावती मिळत नाही ही शेतकऱ्यांची कायमची तक्रार होती. जुन्या रकमा वाचताना १६ आणे म्हणजे रुपया आणि १२ पै म्हणजे आणा हे लक्षात ठेवा, नाहीतर तक्ते चुकीचे वाचले जातात.

आणि कोर्ट. सावकार आधीही होते, पण रयतवारीत, म्हणजे सरकार थेट शेतकऱ्याच्या नावावर सारा ठरवतं त्या पद्धतीत, जमीन विकता येण्यासारखी झाली आणि दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा (वसुलीचा निकाल) हातात आला की ती सावकाराच्या नावावर चढायला लागली, शेतकरी तारखेला हजर नसला की एकतर्फी निकाल. म्हणजे सावकाराच्या मागे उभं होतं सरकारच. हे गॅझेटियर कुठे मोठ्या अक्षरात सांगत नाही, पण सगळे पुरावे त्याच्याच पानांवर आहेत.

आता उठावाचं वर्णन. ते वाचताना लोकांनी कशाला हात लावला आणि कशाला नाही याची यादी करा. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने तिथल्या देशमुखांवर हुकूमनामा मिळवला, तेव्हा गावाने मारहाण केली नाही, बहिष्कार घातला, त्याचं शेत कोणी कसायचं नाही, पाणी कोणी भरायचं नाही, हजामतही करायची नाही. मग १२ मे १८७५, सुप्याचा बाजारचा दिवस, लोक सावकारांच्या घरादुकानांत शिरले आणि मागितलं काय तर रोखे आणि वह्या. पुढे पुणे-नगरच्या गावांत पसरलं तेव्हाही बहुतेक ठिकाणी सावकाराने कागद काढून दिले की त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. लूटही झाली काही ठिकाणी, घरंही जळली, ते लपवायचं कारण नाही. पण चिडलेला जमाव नेमकी कोर्टात चालणारी वस्तूच शोधत होता, म्हणजे आपल्याला कशाने बांधलंय हे त्या माणसांना पक्कं माहीत होतं. मला तर हेच वाचून त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. साधारण साडेनऊशे लोकांना अटक झाली.

एक काळजी घ्या. इंग्रजी कागदांत मारवाडी आणि गुजर सावकार विरुद्ध कुणबी असं चित्र सारखं येतं. गावचे स्थानिक सावकारही होते, ते वाचताना सुटू देऊ नका आणि आजच्या कुठल्याही समाजाबद्दलचा राग त्या पानांतून काढू नका.

त्यानंतर आयोगाचा अहवाल. आयोगात सरकारी माणसंच होती, शेतकरी एकही नाही. तरी त्यातसुद्धा एकमत नव्हतं, आयोगातले एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांचं वेगळं टिपण आहे आणि त्यात साऱ्याच्या ओझ्यावर बोट ठेवलंय, ते आधी वाचा आणि मग मुख्य अहवाल. त्याच्या जोडीला पुणे सार्वजनिक सभेचं काम बघा, १८७० मध्ये स्थापन झालेली ही सभा उठावाच्या आधीपासूनच वाढलेल्या साऱ्याबद्दल सांगत होती. १८७९ चा शेतकरी मदतीचा कायदा पुणे, नगर, सोलापूर, साताऱ्याला लागू झाला, कोर्टाने कर्जाचा मागचा इतिहास तपासायचा, कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकायचं नाही वगैरे. तो वाचताना मगाचच्या कागदाचा पहिला रकाना समोर ठेवा आणि त्यातली कुठली गोष्ट कायद्याने बदलली, कुठली तशीच राहिली त्यावर खूण करत जा, सारा कुठल्या बाजूला राहतो ते बघा.

शेवटचं, घरात जुने रोखे, खतपत्रं असतील तर ती बहुधा मोडी लिपीत असणार. टाकू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका, कागद कायमचा जातो. दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मोडी येणाऱ्या माणसाला दाखवा, आणि आधी तीनच गोष्टी वाचून घ्या: तारीख, रक्कम, आणि आधीचा रोखा फिरवून हा लिहिलाय का. एकाच माणसाच्या नावावर तीन-तीन वर्षांच्या अंतराने दोन रोखे मिळाले तर वरचा हिशोब त्यांना लावून बघा.