नवी सायकल घेतलीत? आधी सीटची उंची बघा
बऱ्याच वर्षांनी परत सायकल चालवायला लागलात की गुडघे दुखले तर लगेच वयाला दोष देऊ नका, बहुतेक वेळा सीट खाली असते. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल एकदम खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात थोडासाच वाक राहतो. गुडघा पुढून दुखला तर सीट जरा वर, मागून दुखला तर खाली, पण एकावेळी अगदी ५ मिमीच हलवा. आणि हो, नव्या सायकलच्या केबल सुरुवातीला सैल पडतात, गिअर खडखडले तर घाबरू नका, ट्यूनिंग करून घ्या. ब्रेक मात्र दरवेळी निघण्याआधी दाबून बघाच.