आवाजाचा विचार करून घरासाठी पोपट कसा निवडावा

पोपट आणायचे ठरले की घरात रंगाची, बोलण्याची आणि किमतीची चर्चा होते. आवाजाची चर्चा मात्र बहुधा पक्षी घरी आल्यावर, शेजाऱ्यांची पहिली तक्रार आल्यावरच सुरू होते, आणि त्याची शिक्षा पक्ष्याला भोगावी लागते. त्याचा पिंजरा न्हाणीघरात किंवा गच्चीवर जातो, नाहीतर तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकला जातो. पोपट हा थव्यात राहणारा पक्षी आहे. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी मुक्कामाला परतताना सोबत्यांना हाका मारणे हा त्याचा स्वभाव आहे. तिन्हीसांजेला झाडांवर उतरणाऱ्या राघूंचा कलकलाट नाशिकमध्ये ज्याने ऐकला आहे, त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही. चांगल्या सवयी लावून ओरडण्याच्या वेळा कमी करता येतात, पण जातीने दिलेला आवाज लहान करता येत नाही. म्हणून आवाजाचा प्रश्न निवड करतानाच सोडवावा लागतो.

प्रथम आपले घर ऐकावे

पक्षी पाहायला जाण्यापूर्वी घराच्या भिंती, खिडक्या आणि शेजाऱ्यांच्या झोपेच्या वेळा लक्षात घ्याव्यात. नाशिकच्या सिडको किंवा इंदिरानगरमधील सदनिकेत शेजारच्या घराशी एक भिंत सामाईक असते, आणि स्वयंपाकघर व न्हाणीघराच्या खिडक्या ज्या डक्टमध्ये उघडतात, त्यातून खालच्या मजल्यावरचे बोलणेही वर ऐकू येते. तेथे पोपटाची हाक अडणार नाही. रो-हाऊसमध्ये वर-खाली कुणी नसले तरी दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईकच असतात. गंगापूर रस्त्यावरील मोकळ्या बंगल्यात थोडी अधिक सूट मिळते, इतकेच. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करून सकाळी झोपणारे लोक या शहरात पुष्कळ आहेत, आणि पोपटाची सर्वांत मोठी हाक नेमकी त्याच वेळी असते. शेजारी असे कुणी असल्यास, तसेच तान्हे बाळ किंवा आजारी वृद्ध असल्यास, त्यांच्याशी आधीच बोलून घ्यावे.

मोजमापाचा अंदाज असावा म्हणून एक आकडा ध्यानात ठेवावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नाही: १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि कानाला तो आवाज सुमारे दुप्पट वाटतो. त्यामुळे ७० आणि १०० डेसिबल हे आकडे कागदावर जवळ दिसले तरी घरात त्यांच्यात फार मोठे अंतर पडते.

मग जात ठरवावी

आपला हिरवा राघू आणि करण पोपट यांसारख्या देशी जाती यादीतून आधीच वगळाव्यात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांना पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे, मग तो पक्षी आठवडे बाजारात कितीही उघडपणे विकला जात असो.

परदेशी जातींत सदनिकेसाठी सर्वांत सोयीची बजी, म्हणजे बजरिगर हा लहानसा पोपट. ती दिवसभर किलबिलते; आवाज अखंड असतो, पण हलका असतो आणि बंद दाराबाहेर फारसा जात नाही. कॉकाटील या तुरेवाल्या पोपटाचा आवाज त्याहून मोठा असला तरी त्यात शिळेचा गोडवा असतो. नर शीळ घालतो, ऐकलेली धून उचलतो आणि ती पुनःपुन्हा वाजवतो. मादी बरीच शांत असते. शांतता हवी असल्यास कॉकाटीलची मादी हा मला सर्वांत समतोल पर्याय वाटतो. लव्हबर्ड आकाराने लहान असल्यामुळे पुष्कळांची फसगत होते. त्याचा आवाज फार मोठा नसतो, पण तो उंच पट्टीचा, टोकदार असतो आणि पुनःपुन्हा येतो, त्यामुळे डोके उठते. ज्यांना टोकदार सूर सोसत नाही, त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

कोन्यूर हे लांब शेपटीच्या पोपटांच्या अनेक जातींचे नाव दुकानात सरसकट वापरले जाते आणि तेथेच सर्वाधिक चूक होते. हिरव्या गालांचा कोन्यूर त्या कुळात तुलनेने शांत असतो. पिवळ्या-नारिंगी रंगाचा देखणा सन कोन्यूर मात्र जेमतेम वीतभराहून थोडा मोठा असूनही जवळून १०० डेसिबलच्या पुढे जाणारी कर्कश हाक देतो. सदनिकेत तो आणू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. मकाव आणि काकाकुवा या मोठ्या पोपटांच्या हाका रानात दूरवरच्या थव्यापर्यंत पोहोचण्यासाठीच असतात. आफ्रिकन ग्रे हा राखाडी पोपट त्यांच्याइतका ओरडत नाही, पण कुकरची शिट्टी, दाराची घंटा आणि मोबाइलची रिंग हुबेहूब उचलतो आणि दशकानुदशके जगतो.

कागदपत्रांचाही येथेच विचार करावा. बजी, कॉकाटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड हे साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांबाहेर आहेत. कोन्यूर, मकाव, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे परिशिष्टांत येतात, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. विक्रेत्याकडे त्याची कागदपत्रे नसतील तर तो व्यवहार करू नये.

पक्षी प्रत्यक्ष ऐकावा

दुपारी पोपट पेंगतात; त्या वेळी पाहिलेला कोणताही पक्षी शांतच वाटतो. विक्रेत्याकडे सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास जावे, निदान तासभर थांबावे आणि थोडा वेळ बाहेर जाऊन दार लावून ऐकावे, कारण शेजाऱ्याला ऐकू येणार आहे ते हेच. मोबाइलवरील ध्वनिमुद्रणावरून आवाजाचा प्रकार कळतो, त्याची तीव्रता कळत नाही. मात्र पिसे फुगवून, डोळे मिटून एका कोपऱ्यात गप्प बसलेला पक्षी शांत स्वभावाचा समजू नये; तो बहुधा आजारी असतो.

एक की जोडी, हाही आवाजाचाच प्रश्न आहे. जोडी आपसांत बोलत राहते, त्यामुळे एकूण किलबिल वाढते, पण माणसासाठी ओरडणे कमी होते. घरातील सर्व जण दिवसभर नोकरीवर असतील तर एकटा पक्षी रिकाम्या घरात हाका मारत राहील. अशा घरी एकट्या कॉकाटीलपेक्षा बजीची जोडी बरी.

आणल्यानंतर घडी बसवावी

पिंजरा सामाईक भिंतीपासून आणि डक्टपासून दूर, घरातील माणसांच्या वावरात ठेवावा. जाड पडदे आणि पुस्तकांचे कपाट आवाज शोषतात, तर फरशी लावलेल्या भिंती तो घुमवतात. नाशिकच्या थंडीत खिडक्या बंद असतात, त्यामुळे हिवाळ्यात निभावलेला आवाज एप्रिलमध्ये बाहेर पडतो. हे गृहीत धरूनच जागा निवडावी. पोपटाला रोज १० ते १२ तास अंधारी, शांत झोप लागते. पिंजऱ्यावर कापड टाकून सकाळी ते थोडे उशिरा काढल्यास पहाटेची हाकही पुढे ढकलली जाते. दिवसा ओरडतो म्हणून झाकून ठेवणे मात्र क्रूरपणाचे आहे.

तो किंचाळला की धावत जाणे किंवा रागावणे, दोन्ही टाळावे, कारण दोन्हींतून त्याला हवे ते लक्ष मिळते. त्याच्या साध्या हाकेला दुसऱ्या खोलीतून हलकी शीळ घालून उत्तर द्यावे, आणि त्याने हळू आवाज काढला की जवळ जाऊन राळ्याचे कणीस द्यावे. काही आठवड्यांत त्याला कोणत्या आवाजाने माणूस येतो ते कळू लागते. रोज बोलणारा पक्षी एकाएकी मुका झाला, तर सुटका झाली असे मानू नये. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना त्याच दिवशी दाखवावे.