इंजिन बदलताना फाउंडेशन बनवत आहात? या चुका टाळा

गाडीत दुसरे इंजिन बसवायचे ठरले की नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत लेझरवर पट्ट्या कापून घेणे सोपे असते, आणि त्या सोयीमुळेच फाउंडेशनची, म्हणजे इंजिनाला चासिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेट आणि रबरांची, आखणी घाईत उरकली जाते. इंजिन किती किलोचे आहे एवढेच पाहून ब्रॅकेट ठरवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय, कारण फाउंडेशनला वजनाबरोबर इंजिनाचा पीळही (टॉर्क) सोसावा लागतो.

हा पीळ आकड्यांत मांडून पाहावा. १५० न्यूटन-मीटर टॉर्कचे उभे (गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले) इंजिन आणि ३.६ गुणोत्तराचा पहिला गिअर असेल, तर गिअरबॉक्समधून ५४० न्यूटन-मीटर पीळ बाहेर पडतो. दोन फाउंडेशनमध्ये ५० सेंटीमीटर अंतर धरले, तर त्याच्या प्रतिक्रियेने एक बाजू सुमारे ११० किलोच्या जोराने दाबली जाते आणि दुसरी तेवढ्याच जोराने उचलली जाते. आडव्या (गाडीच्या रुंदीच्या दिशेने बसवलेल्या) इंजिनात डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच, गिअरबॉक्समध्येच असल्याने त्याचेही गुणोत्तर, समजा ४, गुणावे लागते. तेवढ्याच अंतरावर हा भार ४४० किलोंच्या घरात जातो. कसारा घाटात भरलेली गाडी चढावर उचलताना क्लच झटक्यात सुटला, तर क्षणभर तो याहूनही वाढतो. म्हणून ५ ते ६ मिलिमीटरची पट्टी घ्यावी, कोनात त्रिकोणी आधार जोडावा, आणि रबर फाटले तरी इंजिन उसळणार नाही असा लोखंडी अडसर ठेवावा.

चासिसच्या बाजूकडे फारसे कोणी पाहत नाही. पोकळ चासिसमधून आरपार बोल्ट घालताना आत नळीचा तुकडा बसवला नाही, तर आवळताच पत्रा दबतो आणि बोल्ट पुढे सैल होत राहतो.

इंजिन हलू नये म्हणून रबराऐवजी कडक पॉलियुरेथेन (एक टणक प्लास्टिक) घालण्याचा मोह अनेकांना होतो. रोजच्या वापराच्या गाडीसाठी मला तो निर्णय चुकीचा वाटतो. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ८०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात. रबरावर बसलेल्या इंजिनाची नैसर्गिक कंपनसंख्या (धक्का दिल्यावर ते आपोआप सेकंदाला किती वेळा हलते ती) १९ च्या खाली असेल, तरच हे कंपन चासिसपर्यंत पोहोचताना कमी होते. रबर त्याहून कडक असेल, तर कंपन उलट वाढते. तीन सिलिंडरमध्ये स्फोट २० च होत असल्याने ही मर्यादा १४ वर येते. त्यामुळे चार सिलिंडरसाठीचे रबर तीन सिलिंडरच्या इंजिनाला तसेच लावले, की आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू असताना) स्टिअरिंग थरथरू लागते.

उभ्या इंजिनात गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि मागच्या डिफरन्शियलचा पिनियन (त्यात शिरणारा दांडा) एकमेकांना समांतर असावेत, व युजे क्रॉसवरचा (त्यांना जोडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांवरचा) कोन १ ते ३ अंशांत राहावा. ऑइल चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) आणि क्रॉसमेंबर (चासिसची आडवी पट्टी) यांत किमान २० मिलिमीटर मोकळी जागा सोडावी, कारण रबर काही दिवसांत दबून खाली बसते.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. गाडीवर फक्त टाके मारावेत आणि पक्के वेल्डिंग रबर काढून, ब्रॅकेट गाडीवरून उतरवून जिगमध्ये (पकडून ठेवणाऱ्या साच्यात) घट्ट धरूनच करावे. चेन ब्लॉकवर इंजिन लटकलेले असताना बोल्ट पूर्ण आवळू नयेत. त्याचे सगळे वजन रबरावर आल्यावरच आवळावेत, अन्यथा रबर पहिल्या दिवसापासून पिळलेले राहते. आणि हे सारे हाती घेण्यापूर्वी आरटीओची परवानगी घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही.

बिघाड शोधताना कंपन केव्हा येते ते आधी पाहावे. ते फक्त आयडलवर येत असेल, तर रबर कडक आहे किंवा सायलेन्सरचा पाइप कुठेतरी टेकला आहे. क्लच दाबून गाडी घरंगळू दिल्यावरही ते वेगासोबत टिकत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचा कोन तपासावा. स्टार्टर मंद फिरत असेल आणि क्लचची केबल गरम होत असेल, तर इंजिन ते चासिस ही अर्थिंगची पट्टी राहून गेलेली असते, कारण नवीन रबराने दोहोंतला विद्युत मार्गच तोडलेला असतो.