गोव्याहून मुंबईला निवांत जायचे असेल, तर या चुका टाळा

पणजी ते मडगाव हे अंतर सुमारे 33 किलोमीटर आहे आणि चर्चगेट ते बोरिवली हेही जवळपास तेवढेच, म्हणजे 34 किलोमीटर आहे. गोव्यातले कुटुंब मुंबईचा बेत आखायला बसले, की नकळत पहिल्या अंतराचा अनुभव दुसऱ्याला लावते. सकाळी गेट वे ऑफ इंडिया, दुपारी कान्हेरीची लेणी, संध्याकाळी दादरला खरेदी आणि रात्री डोंबिवलीच्या मावशीकडे जेवण, असा दिवस कागदावर मुळीच जड वाटत नाही. प्रत्यक्षात त्यातले कित्येक तास स्थानकांचे जिने, फलाट आणि रस्त्यावरची कोंडी यांतच जातात. मग ‘मुंबई फार दमवते’ अशी तक्रार करत मंडळी परततात, पण चूक बेत आखतानाच झालेली असते.

किलोमीटर मोजणे

मुंबईत अंतराआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: आपण कोणत्या वेळी निघणार आहोत आणि कोणत्या दिशेने जाणार आहोत. सकाळी साधारण आठ ते अकरा या वेळेत गर्दीचा लोंढा उपनगरांतून दक्षिणेकडे येतो आणि संध्याकाळी पाच ते नऊपर्यंत तोच लोंढा उत्तरेकडे परततो. म्हणून दादर किंवा फोर्ट भागात मुक्काम असलेल्या पाहुण्याने बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सकाळी गाठावे आणि संध्याकाळी दक्षिणेकडे परतावे. दोन्ही वेळा तो गर्दीच्या उलट दिशेने जातो आणि बहुधा बसायलाही मिळते. विरार, वसई, कल्याण, डोंबिवली या बाजूला उतरलेल्यांनी मात्र अकरानंतरच घर सोडावे आणि परतताना पाचच्या आत किंवा नऊच्या नंतरची गाडी धरावी. एवढे एक पथ्य पाळले, तरी निम्मा थकवा वाचतो.

दुसरे पथ्य एका दिवसात एकच भाग पाहण्याचे. फोर्टच्या परिसरात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन आणि गेट वे ही सारी ठिकाणे पायी फिरण्याच्या अंतरात आहेत. यांपैकी टर्मिनसची वास्तू 2004 मध्ये आणि ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह 2018 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. हा भाग रविवारी सकाळी पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन; कचेऱ्या बंद असल्यामुळे पदपथ मोकळे असतात आणि मान वर करून इमारती पाहता येतात.

गिरगाव, गावदेवीचे मणिभवन आणि वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव यांचा वेगळा दिवस करावा. वाळकेश्वराचे देऊळ 1715 मध्ये रामा कामती या सारस्वत व्यापाऱ्याने पुन्हा बांधले आणि तलावाकाठी फोंडा तालुक्यातल्या कवळे मठाची शाखा आहे, त्यामुळे फोंड्याकडच्या माणसाला तेथे परके वाटण्याचे कारण नाही. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये लोकांसाठी खुले झाले. ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते भाऊ दाजी मूळचे पेडण्यातल्या मांद्रेचे, तरीही गोव्यातले पाहुणे ते सहसा वगळतात. त्याला लागूनच राणीची बाग असल्याने मुलांसह अर्धा दिवस तेथे सहज जातो.

वार न पाहता जाणे

भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि राणीची बाग या दोन्ही ठिकाणांना बुधवारी सुट्टी असते, म्हणजे एका चुकीत दोन हेलपाटे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि कान्हेरीसह बोरिवलीचे उद्यानही सोमवारीच बंद असते. गोव्याहून शनिवारी निघून रविवारी पोहोचणारी मंडळी सोमवारी ‘मोठे ठिकाण’ ठेवतात, म्हणून ही फसगत वारंवार होते. दादरच्या बाजारातली बरीच दुकाने सोमवारी आणि काळबादेवी, मंगलदास मार्केटकडची बरीच दुकाने रविवारी बंद असतात. लग्नाची खरेदी काढून आलेल्यांनी हे वार आधी लिहून ठेवावेत आणि उरलेला बेत त्यांभोवती बसवावा. सिद्धिविनायकाला मंगळवारी, त्यातही अंगारकीला, जाणे हा भक्तीचा प्रश्न आहे. निवांतपणा हवा असेल, तर अन्य वारी पहाटे जावे.

सगळ्या नातेवाइकांना भेटण्याचा संकल्प

गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घराचे कोणी ना कोणी मुंबईत असते. पूर्वी ते गिरगावात किंवा दादरला असत, आता बदलापूर, नालासोपारा, पनवेल असे चहूकडे पांगलेले असतात. एकाकडे गेलो आणि दुसऱ्याकडे गेलो नाही तर राग येईल, या धास्तीने काजू आणि खाजे यांच्या पिशव्या घेऊन रोज संध्याकाळी एका वेगळ्या टोकाला जाणे हा मुंबई पाहण्याचा सर्वांत थकवणारा प्रकार आहे. सगळ्या घरांतल्या माणसांना सोयीची अशी मधली जागा ठरवावी आणि सर्वांना एकत्र बोलवावे. दादर मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही मार्गांवर असल्याने त्यासाठी उत्तम आहे. वयोवृद्ध आत्या किंवा काका असतील, तर त्यांच्या घरी अवश्य जावे, पण त्या दिवशी दुसरे काही ठेवू नये.

मुक्काम कोठे करावा, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. नातेवाइकाच्या घरी राहण्याने पैसे वाचतात आणि आपुलकीही मिळते. परंतु ते घर टिटवाळ्याला असेल आणि पाहायचे सारे फोर्टमध्ये, तर दररोज तीन-चार तासांचा प्रवास त्या बचतीची किंमत म्हणून मोजावा लागतो. दोन रात्री शहरात हॉटेलात आणि शेवटच्या दोन रात्री नातलगांकडे, अशी वाटणी केल्यास कोणाचेच मन मोडत नाही.

गाडी निवडताना पोहोचण्याची वेळ न पाहणे

कोकण रेल्वेने जाताना लोक सुटण्याची वेळ पाहतात आणि पोहोचण्याची विसरतात. कोकणकन्या पहाटे मुंबईत पोहोचते, तर हॉटेलची खोली बहुधा दुपारीच मिळते, त्यामुळे मधले पाच-सहा तास सामानासह काढावे लागतात. हॉटेलला आधी फोन करून सामान ठेवण्याची सोय विचारावी, नाहीतर टर्मिनसवरच्या क्लोकरूमचा उपयोग करावा. तेथे सामान कुलूपबंद असावे लागते, म्हणून पिशव्यांऐवजी कुलूप लागणारी बॅग घ्यावी. मांडवी रात्री पोहोचते. वंदे भारत, तेजस आणि जनशताब्दी या दुपारी मडगावहून सुटतात आणि रात्री उशिरा पोहोचतात. बरोबर लहान मुले किंवा आजी-आजोबा असतील, तर उतरल्यावर पुढे कसे जायचे हे मडगाव, करमळी किंवा थिवीला गाडीत बसण्यापूर्वीच ठरलेले असावे.

मुंबईत शिरताना या गाड्या पनवेल, ठाणे आणि दादरलाही थांबतात, हे ध्यानात ठेवावे. डोंबिवलीला जाणाऱ्याने शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन पुन्हा उलटे येण्याचे काहीच कारण नाही; त्याने ठाण्याला उतरावे. काही गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात, म्हणून तिकिटावरचे स्थानकाचे नाव वाचून मगच न्यायला येणाऱ्यांना कळवावे. आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी खुले होते. प्रतीक्षा यादीतले ई-तिकीट तक्ता तयार झाल्यावरही निश्चित झाले नाही, तर ते आपोआप रद्द होते; ‘गाडीत चढून पाहू’ हा जुना उपाय त्यावर चालत नाही.

विमानाने जाणाऱ्यांची चूक वेगळी असते. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाल्यावर गोव्याला दोन विमानतळ झाले आणि स्वस्त तिकीट पाहून काणकोणचा माणूस मोपाचे, तर पेडण्याचा माणूस दाबोळीचे तिकीट काढून बसतो. जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा, एवढे तपासावे. मुंबईतही टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन एकमेकांपासून दूर आहेत, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे उतरण्याची जागा तपासणे अधिकच गरजेचे झाले आहे.

स्वतःची मोटार घेऊन जाण्याबद्दल एवढेच: नेऊ नये. जेथे गाडी उभी करायला जागा मिळत नाही, तेथे ती सोय न राहता जबाबदारी होते.

शहरात फिरताना अडले तर

लोकलची भीती बाळगून पूर्ण सहल टॅक्सीने करणे आणि लोकलचा अनुभव म्हणून संध्याकाळी सहाच्या विरार गाडीत शिरणे, या दोन्ही टोकाच्या चुका आहेत. दुपारी बारा ते चार या वेळेत लोकल हे शहरातले सर्वांत सुखाचे वाहन असते. फलाटावरच्या फलकावर गाडी धीमी आहे की जलद, हे पाहून चढावे. चुकून जलद गाडीत बसलो आणि आपले स्थानक मागे पडले, तर घाबरून दाराशी गर्दी करू नये. पुढच्या थांब्यावर उतरून धीमी गाडी पकडून मागे यावे. कुटुंबातले दोघे चढले आणि तिघे फलाटावर राहिले, असेही होते. राहिलेल्यांनी तेथेच थांबावे आणि चढलेल्यांनी पुढच्या स्थानकावर उतरून परत यावे, हा नियम निघण्यापूर्वी मुलांनाही सांगून ठेवावा, कारण ऐन वेळी दोन्ही बाजू एकमेकांना शोधायला निघतात आणि फोन लागत नाही. रेल्वेच्या मदतीसाठी 139 आणि पोलिसांसाठी 112 हे क्रमांक आहेत.

रविवारी गर्दी कमी असते, पण दुरुस्तीसाठी मेगाब्लॉकही रविवारीच घेतले जातात. शनिवारच्या वर्तमानपत्रात त्याची वेळ छापून येते. आपल्या मार्गावर ब्लॉक असेल, तर त्या दिवशी मुक्कामाच्या परिसरातच फिरावे किंवा मेट्रो घ्यावी. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण लांबीने सुरू आहे. तिची 27 स्थानके असून विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स, सिद्धिविनायक, दादर, गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक आणि चर्चगेट तिने जोडली आहेत. ज्येष्ठांना बरोबर घेऊन फिरणाऱ्यांनी मुंबईचा बेत आता या मेट्रोभोवतीच आखावा, असे माझे मत आहे. लिफ्ट, सरकते जिने आणि वातानुकूलन यांमुळे दमणूक फारच कमी होते.

टॅक्सी ठरवताना गोव्यातली सवय आड येते. आपल्याकडे भाडे आधी ठरवून बसायचे असते, म्हणून पाहुणे मुंबईतही घासाघीस सुरू करतात आणि मीटरपेक्षा जास्त पैसे देऊन वर समाधानी होतात. काळी-पिवळी टॅक्सी आणि रिक्षा मीटरने चालतात. फेब्रुवारी 2025 पासून टॅक्सीचे किमान भाडे 31 रुपये आणि रिक्षाचे 26 रुपये आहे. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेस रिक्षा चालत नाहीत, त्यामुळे दादरला उतरून रिक्षाची वाट पाहू नये.

पावसाला गृहीत धरणे

‘पाऊस काय, आम्ही रोज पाहतो’ हा गोवेकराचा आत्मविश्वास मुंबईत अपुरा पडतो. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की पाण्याला समुद्रात जायला वाट उरत नाही आणि हिंदमाता, शीव, अंधेरीचा भुयारी मार्ग असे सखल भाग तुंबतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. जून ते सप्टेंबर या काळात जायचेच असेल, तर रोज भरतीची वेळ पाहावी, घारापुरीच्या बोटीवर विसंबू नये आणि एखादे संग्रहालय किंवा नाटक पर्याय म्हणून हाताशी ठेवावे. रूळांवर पाणी आल्याचे कळले, तर घरी पोहोचण्याचा अट्टहास न करता जेथे आहोत तेथेच, छपराखाली आणि खाण्यापिण्याची सोय असलेल्या जागी थांबावे. कोकण रेल्वेच्या गाड्याही पावसाळ्यात कमी वेगाने धावतात आणि त्यांचे वेळापत्रक बदलते, म्हणून उन्हाळ्यातल्या वेळा लक्षात ठेवून निघू नये.

नाटकाचे सांगायचे, तर गोव्यातल्या नाट्यरसिकाने ते बेतातून वगळणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. दादरचे शिवाजी मंदिर, माटुंग्याचे यशवंत नाट्यमंदिर, विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह या ठिकाणी शनिवार-रविवारी प्रयोग होतात. रात्रीचा प्रयोग संपेपर्यंत लोकलची गर्दीही ओसरलेली असते.

परतीची गाडी

वंदे भारत, तेजस आणि जनशताब्दी या तिन्ही गाड्या मुंबईहून पहाटे पाच ते सहाच्या दरम्यान सुटतात, तर मांडवी सकाळी सातच्या सुमारास. शेवटची रात्र विरारला काढून पहाटेची गाडी गाठायची म्हणजे रात्रभर जागरण. ज्यांचा मुक्काम लांब आहे, त्यांनी रात्री अकराच्या सुमारास सुटणारी कोकणकन्या घ्यावी आणि ती दादर किंवा ठाण्याला पकडावी. आरक्षण करतानाच चढण्याचे स्थानक तसे नोंदवावे. पहाटेच्या गाडीचेच तिकीट मिळाले असेल, तर शेवटची रात्र दादर किंवा ठाण्याच्या आसपास काढावी आणि सामान आदल्या संध्याकाळीच बांधून ठेवावे.