गावातलं प्लास्टिक उचलून भरपाई करताय? या चुका टाळा

कापसाची वेचणी संपल्यावर विदर्भातल्या कुठल्याही धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बघा. पऱ्हाट्यांसोबत (कापसाच्या वाळल्या झाडांसोबत) बियाण्यांची पाकिटं, खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्न्या, मल्चिंगचे, म्हणजे पिकाभोवती जमिनीवर अंथरायच्या प्लास्टिकचे, तुकडे एकत्रच पेटवलेले दिसतील. तुमच्या कंपनीने बाजारात आणलेल्या प्लास्टिकची भरपाई करायची असेल, म्हणजे तेवढंच प्लास्टिक उचलायचं असेल, तर कंपनीचा पैसा हा धूर थांबवण्यात जायला हवा. आम्ही महिला गटांसोबत हे प्लास्टिक गोळा करतो. तो पैसा वाया कुठे जातो, ते जवळून पाहिलंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे, ज्याला आधीच भाव आहे तेच विकत घेणं. पाण्याच्या बाटल्या आणि ड्रिपच्या जुन्या नळ्या भंगारवाला गावोगाव फिरून नेतोच. त्याच मालावर तुमचं नाव लागलं तर कागद तेवढा बदलतो, धुऱ्यावरची आग तशीच राहते. शिवाय ड्रिपची नळी पॅकेजिंगच नाही, त्यामुळे ईपीआरच्या, म्हणजे आपल्या पॅकेजिंगच्या कचऱ्याची सोय लावण्याच्या उत्पादकाच्या वाढीव जबाबदारीच्या, हिशेबात तिचं वजन धरता येत नाही. काम सुरू करण्याआधी गावच्या भंगारवाल्याजवळ तासभर बसा. तो कशाला हात लावत नाही, ते विचारा. बियाण्यांची चकाकती पाकिटं, शॅम्पूच्या पुड्या, चिप्सची वेष्टनं तो बाजूला टाकेल. तुम्ही उचलायचा माल तोच.

दुसरा घोळ वर्गवारीचा. 2022 च्या ईपीआर मार्गदर्शक सूचनांनुसार कडक प्लास्टिक पहिल्या वर्गात, लवचीक प्लास्टिक दुसऱ्यात, आणि प्लास्टिकसोबत ॲल्युमिनियमसारखा दुसऱ्या पदार्थाचा थर असलेलं पॅकेजिंग तिसऱ्यात येतं. तिसऱ्या वर्गाची जबाबदारी पहिल्या वर्गाच्या प्रमाणपत्राने, म्हणजे तेवढ्या प्लास्टिकवर प्रक्रिया झाल्याच्या दाखल्याने, फिटत नाही. पाकीट फाडून बघा, आत चांदीसारखा थर दिसला तर पुरवठादाराला थर कशाचा आहे ते लेखी विचारा. प्रमाणपत्र देणारा प्रक्रियादार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का, हेही स्वतः तपासा. दलालाच्या शब्दावर सोडू नका.

वजनात तर हमखास फसगत होते. शेतातून काढलेल्या मल्चिंगला माती आणि ओल चिकटलेली असते. वाळवून, झटकून पुन्हा तोललं की निम्म्याहून जास्त वजन गेलेलं आम्ही पाहिलंय. म्हणून उन्हात वाळवल्यावरच काटा करा आणि त्याच वजनाची पावती धरा. प्रत्येक गासडीला क्रमांक द्या. नाहीतर एकच टन दोन कंपन्यांना विकला जातो आणि दोघीही भरपाई झाली असं समजतात.

फवारणीच्या औषधाच्या बाटल्या या पोत्यात कधीच घालू नका. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. त्याच औषधांचे डबे आमच्या बायकांनी उघड्या हाताने निवडायचे का? बाटली रिकामी होताच तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतलं पाहिजे, मग बाटलीला भोक पाडलं पाहिजे, म्हणजे घरात तेला-पाण्याला कोणी वापरणार नाही. तिची साठवण, वाहतूक आणि खर्च वेगळा धरा. औषध विकणाऱ्या कंपनीने तर हे काम इतरांवर ढकलूच नये.

उरलेला माल चंद्रपूरकडच्या सिमेंट भट्ट्यांसारख्या ठिकाणी जाळण्यासाठी देणार असाल, तर त्यातून पीव्हीसी आधी काढून घ्या. ड्रिपची पातळ नळी पॉलिथिनची, पण तिला पाणी पुरवणारा जाड पाइप बहुधा पीव्हीसीचा असतो. त्यातल्या क्लोरीनमुळे भट्टीला त्रास होतो आणि पूर्ण गाडी परत येऊ शकते. आणि भट्टीत गेलेल्या प्लास्टिकला अहवालात ‘पुनर्वापर’ लिहू नका, ती विल्हेवाट आहे.

वेळापत्रक मार्चअखेर बघून ठरवू नका. पेरणी आणि वेचणीच्या दिवसांत बाया शेतात असतात, गोळा करायला कोणी मिळत नाही. बियाण्यांची पाकिटं पेरणीच्या दिवसांतच शेतात पडतात, पावसाने चिखलात रुततात. म्हणून पेरणीआधीच प्रत्येक घरी एक रिकामं पोतं द्या आणि भरलेलं पोतं न्यायला आलात की मजुरी तिथेच हातात ठेवा.