लाइव्ह डीव्हीडीवरच्या डेबियनमध्ये आपल्या सेटिंग्ज कशा टिकवायच्या

लाइव्ह डीव्हीडीवरून (म्हणजे मशीनवर काही न बसवता थेट डिस्कवरून) डेबियन ही लिनक्स सिस्टम सुरू केली की कीबोर्ड अमेरिकन, घड्याळ साडेपाच तास मागे आणि वायफायचा पासवर्ड पुन्हा कोरा. डिस्कवरची सगळी सिस्टम एका आवळलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते आणि तुम्ही केलेले बदल तिच्यावर अंथरलेल्या रॅममधल्या थरात जातात. मशीन बंद केलं की तो थरही गेला. यातलं हवं तेवढं पेनड्राइव्हवर वळवण्याची सोय डेबियनमध्ये मुळातच आहे. तिचं नाव पर्सिस्टन्स.

लागणारं सामान: ग्नोम डेस्कटॉपची लाइव्ह डीव्हीडी आणि ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह. सेटिंग्जना जागा फारशी लागत नाही. ग्नोमच्या बहुतेक आवडीनिवडी होम फोल्डरमधल्या एका छोट्याशा लपलेल्या फाइलमध्ये मावतात. जागा खातो तो ब्राउझर.

पुढची नावं आणि कमांड उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना सगळं इंग्रजी लहान अक्षरांत करायचं, कुठे कॅपिटल हवं ते तिथे सांगितलं आहे. 'पर्सिस्टन्स'चं स्पेलिंग पी-ई-आर-एस-आय-एस-टी-ई-एन-सी-ई. शेवटून चौथं अक्षर 'ई' आहे, 'ए' नाही. सेटिंग्ज टिकत नसतील तर आधी हे अक्षर तपासा.

पहिल्यांदा डीव्हीडीवरून नेहमीसारखं बूट करा, पेनड्राइव्ह लावा आणि 'डिस्क्स' हे ॲप उघडा. डावीकडच्या यादीत पेनड्राइव्ह निवडा. नाव आणि जीबी दोन्ही वाचा, कारण लॅपटॉपची हार्डडिस्कही त्याच यादीत असते आणि 'फॉरमॅट डिस्क' दोघींत फरक करत नाही. फॉरमॅट करताना जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवण्याची पद्धत) ठेवा, मग अधिकच्या चिन्हावर क्लिक करून एकच पार्टिशन बनवा. व्हॉल्यूम नेम पर्सिस्टन्स आणि प्रकार ईएक्सटी४. फॅट३२ किंवा एनटीएफएस ठेवू नका. फाइल कोणाच्या मालकीची आणि कोणाला वाचता येईल ही लिनक्सची नोंद त्यांच्यावर नीट राहत नाही.

पार्टिशन तयार झालं की खालचं त्रिकोणी बटण दाबून ते माउंट करा, म्हणजे वापरासाठी जोडा. आता नुसतं हे नाव, म्हणजे लेबल, पुरेसं नाही. बूट होताना सिस्टम त्या पार्टिशनच्या मुळाशी, म्हणजे कुठल्याही फोल्डरच्या बाहेर, पर्सिस्टन्स.कॉन्फ नावाची फाइल शोधते. काय टिकवायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं, फाइल नसेल तर पार्टिशन वापरलंच जात नाही. ही फाइल टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, बनवू. टर्मिनल उघडून लिहा:

सुडो नॅनो /मीडिया/यूजर/पर्सिस्टन्स/पर्सिस्टन्स.कॉन्फ

तिच्यात या दोन ओळी, पहिली होम फोल्डरसाठी आणि दुसरी वायफायच्या पासवर्डसाठी:

/होम
/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/सिस्टम-कनेक्शन्स

दुसऱ्या ओळीतल्या नेटवर्कमॅनेजरमध्ये एन आणि एम कॅपिटल, मध्ये स्पेस नाही. सेव्ह करून बाहेर पडायला कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स.

बऱ्याच ठिकाणी याऐवजी एकच ओळ सुचवलेली दिसते: '/ युनियन', म्हणजे अख्खी सिस्टमच टिकवा. नवी सॉफ्टवेअर टाकून ठेवायची असतील तर तीच हवी. मराठी फोनेटिक टायपिंगसाठी एखादं वेगळं पॅकेज लागत असेल तर नुसत्या होमने भागणार नाही, पॅकेज दर वेळी घालावं लागेल. पण फक्त सेटिंग्जसाठी '/ युनियन' म्हणजे पाहुणा येणार म्हणून अख्खं घर रंगवणं. डिस्कवरच्या मोठ्या फाइलमध्ये एक ओळ जरी बदलली तरी ती पूर्ण फाइल पेनड्राइव्हवर उतरते. डिस्कवरचा प्रोग्राम काढून टाकला तरी जागा सुटत नाही, फक्त 'ही फाइल दाखवू नये' अशी खूण पडते. सगळ्यात फसवं म्हणजे कर्नलचं, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याचं, अपडेट. ते मुकाट्याने बसतं, पण बूट होतो तो डीव्हीडीवरचा जुनाच कर्नल. तेव्हा '/ युनियन' घेतलंत तरी सरसकट अपग्रेड करू नका.

आता पेनड्राइव्ह तसाच ठेवून रीस्टार्ट करा. बूट मेनू आला की लाइव्हच्या ओळीवर थांबा, एंटर दाबू नका. मेनू ग्रब या बूट प्रोग्रामचा असेल तर 'ई' दाबा, जुन्या बायोसच्या मेनूत टॅब. जी ओळ उघडेल तिच्यात 'बूट=लाइव्ह कंपोनन्ट्स' असे शब्द दिसतील. कंपोनन्ट्सनंतर एक स्पेस देऊन लिहा:

पर्सिस्टन्स टाइमझोन=एशिया/कोलकाता

इथे एशियाचा ए आणि कोलकाताचा के कॅपिटल. टाइमझोनची सेटिंग होममध्ये राहत नाही, म्हणून तो इथेच दिलेला बरा. ग्रबमध्ये कंट्रोल-एक्स किंवा एफ१०, बायोसच्या मेनूत एंटर. डिस्कवर काही लिहिता येत नसल्यामुळे ही ओळ दर बूटला टाइप करावी लागते. एका चिठ्ठीवर लिहून डीव्हीडीच्या कव्हरमध्ये ठेवा.

डेस्कटॉप आला की टर्मिनलमध्ये 'डीएफ -एच /होम' द्या. पहिल्या रकान्यात /डेव्ह/एसडीबी१ सारखं नाव दिसलं तर जमलं. 'ओव्हरले' दिसलं तर अजून रॅमच चालू आहे. मग क्रमाने पाहा: बूटच्या ओळीत शब्द राहिला का, लेबलचं स्पेलिंग, कॉन्फ फाइल चुकून फोल्डरच्या आत गेली का, आणि बूट होताना पेनड्राइव्ह लावलेला होता का. नंतर लावून उपयोग नाही.

जमलं असेल तर सेटिंग्जमधल्या कीबोर्डमध्ये मराठी जोडा, वायफाय लावा, फायरफॉक्स आपल्यासारखा करून घ्या. फायरफॉक्सच्या अबाउट:कॉन्फिगमध्ये 'ब्राउझर.कॅश.डिस्क.एनेबल' हे फॉल्स करा. नाहीतर पाहिलेल्या पानांचा कॅश पेनड्राइव्हवर साचत राहतो, जागा जाते आणि स्वस्तातला पेनड्राइव्ह असेल तर ब्राउझर अडखळतो.

सिस्टम चालू असताना हा पेनड्राइव्ह काढायचा नाही. तुमचं होम त्यावरच आहे. शट डाउन पूर्ण झाल्यावरच काढा. वायफायचे पासवर्ड त्यावर सहसा उघड्या अक्षरांत असतात, म्हणून तो कोणाला फाइल द्यायला वापरू नका.

पेनड्राइव्ह गच्च भरला तर कधी कधी डेस्कटॉपच उघडत नाही. घाबरू नका. पर्सिस्टन्स हा शब्द न लिहिता बूट करा, कोरी सिस्टम येईल. मग पेनड्राइव्ह माउंट करून त्यातल्या होममधल्या यूजर फोल्डरमधलं नको ते काढा. टिंबाने सुरू होणारं कॅश फोल्डर बिनधास्त उडवा, कॉन्फिग फोल्डरला हात लावू नका. मध्येच वीज गेली आणि त्यानंतर गडबड वाटली तर याच कोऱ्या बूटमध्ये, पार्टिशन अनमाउंट असताना, 'डिस्क्स'मधूनच फाइलसिस्टम दुरुस्तीचा पर्याय चालवा.