बाटली झाकून वाईनची तुलना

नापा या प्रसिद्ध वाईन-प्रदेशाचे नाव आणि किंमत डोळ्यांसमोर असली की मित्रमंडळींत कॅलिफोर्नियाच्या वाईनची तुलना प्रामाणिकपणे होत नाही. त्यासाठी कॅबर्ने सॉव्हिन्यॉनसारखी एकच द्राक्षजात आणि शक्यतो द्राक्षतोडणीचे एकच वर्ष निवडून नापा, सोनोमा व पासो रोबल्स या तिथल्या प्रदेशांतील एकेक बाटली घ्यावी. बुचावरही अनेकदा नाव छापलेले असते, म्हणून चाखण्यात सहभागी नसलेल्या एकाने बुचे आधीच काढून, बाटल्या मानेपर्यंत कागदी पिशव्यांत गुंडाळून त्यांवर क्रमांक घालावेत. प्रत्येकी ६० मिलिलिटर ओतल्यास ७५० मिलिलिटरची बाटली १२ जणांना पुरते. मत आधी लिहावे आणि मगच बोलावे, कारण पहिला बोलणारा (बहुधा सर्वांत मोठ्या आवाजाचा) बाकीच्यांना आपल्यामागे ओढतो. परतताना गाडी चालवणाऱ्याने मात्र फक्त ओतण्याचे काम घ्यावे.